परमच्या पोटातलं युद्ध

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा पर्सेंटाइल कळला, कुठल्या का होईना कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट पक्की झाली, की नागपूरच्या प्रताप नगरातल्या घराघरात पुढचा वाद सुरू होतो. लॅपटॉप इंटेलचा घ्यायचा की रायझनचा? मुलाचं मत यूट्यूबवर आधीच ठरलेलं असतं. मामा पुण्यात आयटीत असतात, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा मानायची रीत आहे. वडिलांना दोन्हींतला फरक फक्त किमतीच्या रकान्यात दिसतो. आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यातूनच सांगून जातं, "काका, थोडं थांबा ना, नवीन चिप येऊन राहिली." या "येऊन राहिली"वर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं एक अख्खा उद्योग पोट भरतो आहे.

हाच वाद देशाच्या पातळीवर, सरकारी पैशानं आणि पुन्हापुन्हा सोडवावा लागलेली एक संस्था पुण्यात आहे. तिचा पाया घालणारा माणूस मात्र इथे, प्रताप नगरातून चालत जाता येईल इतक्या अंतरावर शिकला. आजचं व्हीएनआयटी तेव्हा विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग होतं, १९६० साली सुरू झालेलं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिथून १९६५ साली इंजिनिअर होऊन बाहेर पडले. पुढे बडोद्याला एम.ई., दिल्लीच्या आयआयटीत १९७२ साली पीएच.डी. आणि १९८८ साली पुण्यात ती संस्था, सी-डॅक.

सी-डॅकच्या जन्माची गोष्ट मराठी वाचकाला माहीत आहे. अमेरिकेनं आपल्याला हवा तो क्रे महासंगणक दिला नाही, तेव्हा आपणच बांधायचं ठरलं. ३ वर्षांची मुदत मिळाली आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला. शाळेच्या पुस्तकांत, सत्कारांच्या भाषणांत ही गोष्ट इथेच संपते. माझ्या मते ती इथून सुरू होते. कारण परम स्वदेशी होता तो बांधणीत. त्याच्या पोटात जो प्रोसेसर होता तो इनमॉस या ब्रिटिश कंपनीचा, टी-८०० नावाचा. परमची सगळी घराणी एकापाठोपाठ उघडून पाहिली, तर आत दर वेळी वेगळ्या कंपनीचा प्रोसेसर निघतो. जगात त्या त्या वेळी कोण जिंकत होतं आणि कोण संपत होतं, हे त्या पोटात वाचता येतं.

टी-८०० हा ट्रान्सप्युटर. १९८७ साली आला. एकटा फार दणकट नव्हता, पण शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी त्याच्या अंगातच चार दुवे होते. एक महागडा प्रोसेसर मिळत नसेल तर शेकडो साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून तेच काम करून घ्यायचं, ही परमची कल्पना. आणि त्या कल्पनेला जगात तेव्हा यापेक्षा नेमका तुकडा दुसरा नव्हता. अशा २५६ ट्रान्सप्युटरपर्यंत यंत्र वाढवता येई. निवड अचूक होती. घात झाला तो पुढच्या पिढीत. इनमॉसनं टी-९००० जाहीर केला, आज येईल, उद्या येईल करत तो लांबत गेला, आणि आला तेव्हा बाकीचे पुढे निघून गेले होते. ट्रान्सप्युटरचा वंश तिथेच खुंटला.

पुण्यातली माणसं त्याच्याबरोबर बुडाली नाहीत. परम ८६०० मध्ये त्यांनी इंटेलचा आय-८६० घेतला. तो कागदावर अफाट वेगवान होता, पण त्याच्याकडून तो वेग काढून घेणारे प्रोग्रॅम लिहिणं भल्याभल्यांना जमेना, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात इंटेलनंच त्याचा नाद सोडला. मग आला परम ९०००, आणि या सगळ्या वंशातलं सगळ्यात हुशार यंत्र मी याला म्हणेन. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या: एकीत सनचा सुपरस्पार्क, दुसरीत सनचाच अल्ट्रास्पार्क, तिसरीत डेकचा अल्फा. दोन मेलेल्या घोड्यांवर बसून झाल्यावर सी-डॅकनं चौकटच अशी केली होती की घोडा बदलता यावा.

या निर्णयाचं मोल आज जास्त कळतं. अल्फा हा त्या काळचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर म्हणून गाजला होता. १९९८ साली डेक कंपनी कॉम्पॅकनं विकत घेतली आणि २००१ साली कॉम्पॅकनं अल्फाचा वारसा इंटेलच्या हवाली केला. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचा अल्ट्रास्पार्क-२ होता. २०१० साली सन ओरॅकलच्या पोटात गेली. २००३ च्या आसपासचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर-४ वर चालला, २४८ प्रोसेसर, एक टेराफ्लॉपच्या अगदी जवळ. जून २००३ च्या जागतिक यादीत तो १७१ वा होता. २००८ च्या परम युवापासून इंटेल झिऑन. म्हणजे अठरा वर्षांत पाच कंपन्या. यातली एखादी कंपनी धरून बसलो असतो, तर परम हे नाव संग्रहालयात सापडलं असतं. सी-डॅकनं जपलं ते दोन प्रोसेसरांच्या मधलं: त्यांना जोडणारं परमनेट जाळं, समांतर चालणाऱ्या प्रोग्रॅमची अवजारं, आणि ते लिहिणारी माणसं. प्रोसेसर विकत मिळत होते. ही माणसं विकत मिळत नव्हती.

महासंगणकांच्या खोलीत हे चाललं असताना घरगुती संगणकाची लढाई दोघांतच उरली होती, इंटेल आणि एएमडी. आणि तिचं मूळ मोठं गमतीदार आहे. ती आयबीएमच्या आग्रहातून जन्मली. १९८१ साली आयबीएमनं आपल्या पीसीसाठी इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादाराच्या हाती मान द्यायला ती तयार नव्हती. दुसरा कुणीतरी तोच प्रोसेसर बनवायला हवा, ही तिची अट. म्हणून १९८२ साली इंटेलनं एएमडीशी करार केला. ३८६ ची वेळ आली तेव्हा इंटेलनं आराखडा द्यायचं नाकारलं आणि दोघं कोर्टात गेले. एएमडीनं १९९१ साली स्वतःचा ३८६ काढला, तोही ४० मेगाहर्ट्झचा; इंटेलचा ३३ वर थांबला होता. याच भांडणात कोर्टानं सांगितलं की ३८६ हा आकडा कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. म्हणून पुढच्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता इंटेलनं नाव शोधलं: पेंटियम.

आणि पेंटियम म्हटलं की पुन्हा महाराष्ट्राशी गाठ पडते. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. घराणं फाळणीत रावळपिंडीहून आलेलं, शिक्षण दिल्लीत, १९७५ साली अमेरिका, १९७९ साली इंटेल. त्यांच्या देखरेखीखाली झालेला पेंटियम २२ मार्च १९९३ रोजी बाहेर आला, ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा. पुढच्याच वर्षी त्याची भागाकारातली चूक उघडकीला आली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं तर उत्तर १.३३३८ यायला हवं, पेंटियम १.३३३७ सांगायचा. आधी इंटेलनं हे हसण्यावारी नेलं, मग ४७.५ कोटी डॉलरचा फटका सोसून प्रोसेसर बदलून दिले.

खरी कलाटणी त्यानंतर. १९९५ साली धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. लगेच ती कंपनी एएमडीनं घेतली, आणि नेक्सजेनच्या आराखड्यावर एप्रिल १९९७ मध्ये एएमडीचा के-६ आला. पेंटियमचा जनक पेंटियमच्या वैऱ्याच्या घरी! के-६ चं मोठेपण त्याच्या वेगात नव्हतं. तो पेंटियमच्याच मदरबोर्डवर, त्याच सॉकेटात बसायचा आणि स्वस्त पडायचा. नागपुरात सीताबर्डीवर सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्यांच्या धंद्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर बदला आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचवा. इंटेलनं मे १९९७ च्या पेंटियम-२ ला सॉकेटच बदलून टाकला, दुसऱ्याचा प्रोसेसर आत बसू नये म्हणून. पुढच्या वर्षी स्वस्तातला सेलेरॉन काढला. मध्यमवर्गीय घरात संगणक आला त्यामागे सरकारी धोरण किती आणि हे भांडण किती, याचा हिशेब कुणी मांडला तर माझं मत भांडणाच्या बाजूनं पडेल. धामांना २०२५ साली पद्मभूषण मिळालं. ते देताना दोन्ही बाजूंचं श्रेय धरलं असावं, अशी माझी आपली समजूत.

पुढची वीस वर्षं झोपाळ्यासारखी गेली. ६ मार्च २००० ला एएमडीनं एक गिगाहर्ट्झ गाठला, इंटेलनं दोनच दिवसांनी. २००३ साली एएमडीनं जुने प्रोग्रॅम चालतील असा ६४ बिटांचा प्रोसेसर दिला. इंटेल तेव्हा इटेनियम नावाच्या वेगळ्याच मार्गावर अडून बसली होती; शेवटी तिला एएमडीचीच पद्धत उचलावी लागली, आणि आज तुमच्या इंटेल लॅपटॉपमध्ये जी आज्ञावली चालते तिचा ६४ बिटांचा भाग प्रतिस्पर्ध्यानं लिहिलेला आहे. २००६ साली कोअर-२ काढून इंटेलनं मुसंडी मारली. २०११ चा बुलडोझर एएमडीच्या अंगाशी आला. २०१५ साली तिचा शेअर २ डॉलरच्या खाली गेला होता. तेव्हा लिसा सू यांना प्रमुख होऊन वर्षही झालं नव्हतं. २ मार्च २०१७ ला रायझन आला आणि आठ कोअर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याआधी इंटेल वर्षानुवर्षं चारच कोअर देत होती. कारण विचारणारं कुणी नव्हतं.

इथे नागपूरचा एक खास मुद्दा. वेगाचे आकडे छापणारे लोक वातानुकूलित खोलीत मोजमाप करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पंखा कितीही मोठा लावा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हवा आणि प्रोसेसर यांच्या तापमानातला फरक हीच उष्णता बाहेर काढण्याची ताकद. खोली २२ अंशांवरून ४२ वर गेली की त्यातले २० अंश जागच्या जागी गेले. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. प्रताप नगर भागातला लॅपटॉप दुरुस्त करणारा एक जण म्हणाला, "भाऊ, उन्हाळ्यात माझा धंदा गरमीवरच चालते. पेस्ट वाळते, पंख्यात धूळ जमते, पोरगं म्हणते लॅपटॉप हँग झाला. हँग नाही झाला, दमला." म्हणून इथल्या माणसानं किती गिगाहर्ट्झ हे विचारण्याआधी किती वॅट हे विचारावं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांनी २०२४ साली जास्तीच्या व्होल्टेजपायी कायमचा दगा दिला आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, हे लक्षात असू द्या. सेकंडहँड पीसी घेताना तर नक्कीच.

प्रोसेसरच्या शर्यतीशी माझा काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २३ सप्टेंबर २०२३ ची नागपुरातली पहाट पुरे. काही तासांत १०० मिलिमीटरवर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. त्या वेळी देशाचा मुख्य हवामान अंदाज १२ किलोमीटरच्या चौकटीवर चालायचा. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला एक आकडा. सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं नागपूर अशा दोन चौकटींतही मावतं. प्रताप नगर आणि पार पारडी यांच्या पावसात फरक करण्याची त्याची ऐपतच नव्हती.

चौकट निम्मी करायची तर गणित चौपट होतं, आणि काळाचे टप्पेही बारीक करावे लागतात म्हणून जवळपास आठपट. ते करायला प्रोसेसर लागतात. पुण्याच्या पाषाण भागातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, आयआयटीएममध्ये, २०१८ पासून प्रत्युष होता, ४ पेटाफ्लॉपचा, आत इंटेल झिऑन. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या जागी अर्क आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा. आत एएमडीचे एपिक. २०१७ साली सर्व्हरच्या बाजारात एएमडीचा वाटा जवळपास शून्य होता, आज तो पाव हिश्श्याच्या पुढे आहे. तो पालट पुण्यात असा उतरला. जे गणित प्रत्युषला १० तास लागायचं ते अर्क ४ तासांत करतो. त्याच्या जोरावर मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकटीची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. नागपूरला आता दोनाऐवजी सहा चौकटी मिळाल्या. अंबाझरीवर नेमका कधी ढग फुटेल हे त्यातूनही कळणार नाही, पण हवामान खात्याला शिव्या घालण्याआधी हा हिशेब ठाऊक असलेला बरा.

परमकडे परत येऊ, कारण तिथे तिसराच गडी घुसला आहे. २०२० चा परम सिद्धी-एआय जगात ६३ वा आला. त्याच्या प्रत्येक पेटीत दोन एएमडी एपिक आणि आठ एनव्हीडिया ए-१०० बसतात. कामाचा डोंगर उपसतात ते हे आठ जण. इंटेल आणि एएमडी चाळीस वर्षं ज्या खुर्चीसाठी भांडले, ती खुर्चीच कोपऱ्यात सरकली आहे. २०२४ साली इंटेलला सुमारे १९ अब्ज डॉलर तोटा झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं तिचा जवळपास १० टक्के हिस्सा घेतला आणि सप्टेंबरमध्ये एनव्हीडियानं तिच्यात ५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं. आणि त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, इंटेल आणि एएमडी या जन्माच्या वैऱ्यांनी एक संयुक्त सल्लागार गट स्थापन केला होता! आर्म या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीवरचे प्रोसेसर दोघांनाही खाऊ लागले, तेव्हा भावकी आठवली.

येणाऱ्या चिपांकडे याच नजरेनं पाहावं. इंटेलची सगळी भिस्त १८-ए या कारखानी पद्धतीवर आहे. पँथर लेक हा लॅपटॉपचा प्रोसेसर तिच्यावर बनतो, डेस्कटॉपसाठी नोव्हा लेक २०२६ मध्ये येणार असं कंपनी सांगते. एएमडीचा सर्व्हरचा व्हेनिस तैवानच्या टीएसएमसीत २ नॅनोमीटरवर होतो आहे, तोही २०२६ साठी. गंमत अशी की इंटेलच्या अ‍ॅरो लेकचा मुख्य तुकडासुद्धा टीएसएमसीनंच बनवला होता. दोन दुकानांत भांडण आणि माल एकाच गिरणीतून, अशी ही अवस्था. १८-ए जमली तर अमेरिकेत दुसरी गिरणी सुरू होईल. नाही जमली तर सगळं जग तैवानच्या एका बेटावर येऊन टेकेल. कोणत्या लॅपटॉपवर गेम किती फ्रेमनं पळतो यापेक्षा मला हा प्रश्न मोठा वाटतो.

आपण कुठे आहोत? सप्टेंबर २०२४ मध्ये परम रुद्र जातीचे तीन महासंगणक, त्यांतला एक पुणे जिल्ह्यातल्या महाकाय दुर्बिणीसाठी, १३० कोटी रुपये खर्चून देशाला अर्पण झाले. त्यातला रुद्र सर्व्हर सी-डॅकनं स्वतः आरेखित केला, ही खरी कमाई. आतला प्रोसेसर इंटेलच्या कॅस्केड लेक पिढीचा आहे, जी २०१९ साली बाजारात आली होती. पाच वर्षं जुना माल नव्या पेटीत का, याचं उत्तर भाषणांत नव्हतं. बहुधा पेटी तयार व्हायला लागला तेवढा वेळ, हेच ते उत्तर असावं.

म्हणून सी-डॅकच्या औम या प्रोसेसरकडे आस लावून बसलेले बरेच जण आहेत. २०२३ साली त्याचा तपशील पुढे आला: ९६ कोअर, आर्मच्या निओव्हर्स व्ही-१ वर आधारलेले, ५ नॅनोमीटर, टीएसएमसीत घडवायचे. म्हणजे कोअर ब्रिटिश कंपनीचे, घडण तैवानची, आराखडा आपला. याला स्वदेशी म्हणावं की नाही यावर वाद घालण्यात मला रस नाही. एएमडीही आपले प्रोसेसर स्वतः घडवत नाही. मला काळजी आहे ती वेळेची. निओव्हर्स व्ही-१ आर्मनं २०२० साली जाहीर केला. त्यानंतर आर्मचे पुढचे कोअर आले, एएमडीच्या पिढ्या उलटल्या, आणि औम अजून कुणाच्या यंत्रात बसलेला नाही. इनमॉसचा टी-९००० नेमका असाच संपला होता, आणि ते पुण्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

व्हीएनआयटीत व्हीएलएसआय आणि नॅनोतंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथे चिपचा आराखडा शिकणारी मुलं बंगळूर, हैदराबाद, पुण्याच्या कंपन्यांत जातात, एएमडीत जातात, एनव्हीडियात जातात. त्यांतल्या काहींनी औमवर काम करावं असं वाटत असेल, तर सी-डॅकनं दोन गोष्टी उघड सांगायला हव्यात: औमचा पहिला नमुना कोणत्या तिमाहीत हाती येणार, आणि तो आला की झिऑन आणि एपिकच्या शेजारी ठेवून घेतलेल्या चाचणीचे आकडे काय. इंटेलनं तारीख चुकवली तर तिचा शेअर पडतो, प्रमुख बदलतो. सरकारी चिपची तारीख चुकली तर कुणी विचारतही नाही. करदात्यांनी ते विचारायला सुरुवात करावी.